चाव्यांचा जुडगा: नव्या परिसेविकांच्या नेतृत्व-शिक्षणाची कथा

आपल्या धर्मग्रामांतून ‘सिस्टर’ ही हाक दोघींना जाते. एक सिस्टर कॉन्व्हेंटमध्ये राहते, दुसरी रुग्णालयात नोकरी करते. पहिलीला आपण धर्मभगिनी म्हणतो आणि दुसरीला परिचारिका. परंतु बोलताना दोघीही सिस्टरच. हे साम्य योगायोगाचे नाही. युरोपातील रुग्णसेवेचा मोठा भाग कित्येक शतके व्रतस्थ भगिनींच्या हाती होता आणि त्यांचे नाव पुढे संसारी परिचारिकांकडे वारशाने आले. इंग्लंडात तर वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेची ती अधिकृत पदवीच झाली. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत तिलाच ‘परिसेविका’ म्हणतात. तिच्या खालची ती अधिपरिचारिका आणि वरची ती अधिसेविका, म्हणजे आपली मेट्रन. रुग्णांच्या नातेवाइकांना ह्या पायऱ्या ठाऊक नसतात. त्यांच्या लेखी ती ‘इन्चार्ज सिस्टर’.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो. अशाच एका घरी अंथरुणास खिळलेल्या एका निवृत्त परिसेविकेने आम्हांस आपल्या बढतीचा पहिला दिवस सांगितला होता. “फादर, पंधरा वर्षे मी रुग्णांची सेवा केली. एका सोमवारी ऑर्डर हाती आली. जुन्या सिस्टरबाईंनी चाव्यांचा जुडगा दिला, साठ्याच्या वहीवर माझी सही घेतली आणि त्या निघून गेल्या. शनिवारपर्यंत जिच्याबरोबर मी डबा खात होते, तिची रात्रपाळी सोमवारी मला लावायची होती. ते कसे करायचे हे मला कोणी शिकवले नव्हते.” पहिल्याच महिन्यात एका नवख्या मुलीकडून चूक झाली. बाईंनी तिला सगळ्या वॉर्डासमोर फैलावर घेतले. मुलगी राजीनामा देऊन घरी गेली, ती पुन्हा परिचर्येत आली नाही. तीन वर्षांनंतर बाईंना पंधरा दिवसांच्या एका प्रशिक्षण-वर्गास पाठवण्यात आले. माणसाची चूक एकांतात कशी दाखवावी, हा तेथे दुसऱ्या दिवसाचा पाठ होता. “तो पाठ तीन वर्षे आधी मिळाला असता तर!” एवढे म्हणून त्या गप्प झाल्या.

हे ऐकताना आम्हांस आमचेच दिवस आठवले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, प्रवचन कसे करावे हेही शिकलो. पण प्रथम धर्मग्राम हाती आला, तेव्हा तिजोरीची, साक्रिस्तीची आणि दफनभूमीच्या फाटकाची चावी एकाच दोरीत ओवून आमच्या हाती आली आणि कामगारांशी, विश्वस्तांशी, गायकवृंदाशी कसे वागावे हे आम्ही चुका करीत शिकलो. त्या चुकांची किंमत आमच्याहून इतरांनीच अधिक भरली. म्हणून आम्ही एक प्रश्न मनाशी धरला: चांगल्या परिचारिकेला चांगली प्रमुख करण्याचा प्रयत्न जगात कोणी, केव्हा आणि कसा केला? थोड्या दिवसांच्या शिक्षणाने हे साधते काय? त्या शोधात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ह्या कथेचा आरंभ फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून करण्याची प्रथा आहे. आम्ही थोडे मागे जातो, आयर्लंडला. १८३१ साली डब्लिन शहरात कॅथरिन मकॉले ह्या स्त्रीने ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ हा संघ स्थापन केला. पुढच्याच वर्षी शहरात पटकीची साथ आली आणि ह्या नवशिक्या भगिनी पटकीच्या रुग्णालयात रुजू झाल्या. संघ झपाट्याने वाढला. गावोगावी नवे मठ उघडू लागले आणि प्रत्येक मठाला प्रमुख हवी होती. वयाने, अनुभवाने पोक्त अशा भगिनी मकॉलेबाईंपाशी होत्या कोठे? १८३७ मध्ये कॉर्क येथील नव्या मठावर त्यांनी जिला नेमले, ती क्लेअर मूर अवघ्या तेवीस वर्षांची होती. अशा तरुण प्रमुखांसाठी मकॉलेबाईंची एक रीत असे. त्या स्वतः नव्या मठात जात, तेथे काही आठवडे राहत, दिवसाचे काम नवीन प्रमुखेच्या बरोबरीने करीत आणि मग निघून जात. गेल्यावर पत्रे चालू राहत. १८३९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या बर्मंडसी भागात नवा मठ सुरू झाला, तेव्हाही त्या क्लेअर मूरसह तेथे गेल्या आणि जानेवारीपर्यंत थांबल्या. ह्या रीतीला कोणी ‘अभ्यासक्रम’ म्हटले नाही. पण काही आठवड्यांची सोबत आणि त्यानंतर पत्रांचा आधार, ह्या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. त्या पुढे पुन्हा भेटणार आहेत.

जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कैझर्सवर्ट गावी थिओडोर फ्लीडनर ह्या प्रॉटेस्टंट पाळकाने पत्नी फ्रीडरिकेच्या साह्याने १८३६ मध्ये सेविकांची संस्था काढली होती. १८५१ मध्ये तेथे तीन महिने राहून एक श्रीमंत इंग्रज तरुणी शिकून गेली. तीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल. तिचे सलग असे प्रशिक्षण तेवढेच. १८५३ मध्ये ती पॅरिसला सेंट व्हिन्सेंट दि पॉल ह्यांच्या धर्मभगिनींकडे शिकावयास गेली. परंतु गोवराने आजारी पडल्यामुळे तो बेत अर्धाच राहिला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील, आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका लहान रुग्णालयाची प्रमुख म्हणून तिने काम हाती घेतले. म्हणजे आजच्या भाषेत ती अल्पकालीन प्रशिक्षण घेतलेली नवी व्यवस्थापिकाच होती. स्वयंपाकघर, कपड्यांची मोजदाद, कोळशाचा खर्च, नोकरांच्या नेमणुका आणि संचालक-समितीची मर्जी, हे सारे ती तेथे शिकली. समितीचा विचार केवळ अँग्लिकन पंथाच्या रुग्णांना घ्यावे असा होता. कॅथलिक आणि यहुदी स्त्रियांनाही प्रवेश मिळालाच पाहिजे, ही अट नाइटिंगेलने मान्य करून घेतली.

कैझर्सवर्टविषयी वृद्धपणी तिने जे लिहून ठेवले आहे, ते मोठे विचार करण्याजोगे आहे. तेथील शुश्रूषा यथातथाच होती, स्वच्छतेचे तर नावच नको. पण तेथील सेवावृत्ती आणि वागण्यातला सूर इतका उच्च होता की तसा तिला अन्यत्र आढळला नाही. तीन महिन्यांत तिला हस्तकौशल्य फारसे मिळाले नाही. घर चालवणाऱ्या व्यक्तीचा स्वभाव साऱ्या घरात कसा उतरतो, हे मात्र तिने तेथे डोळ्यांनी पाहिले.

ह्या ज्ञानाची कसोटी लवकरच लागली. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांचे हाल होऊ लागले आणि १८५४ च्या ऑक्टोबरात नाइटिंगेल अडतीस परिचारिकांसह तुर्कस्तानला निघाली. त्या अडतीस जणींत दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या. पाच नॉरवुडच्या आणि पाच बर्मंडसीच्या. बर्मंडसीच्या पाचांची प्रमुख होती मदर क्लेअर मूर, तीच कॉर्कची तेवीस वर्षांची मुलगी, आता चाळिशीची. स्कुटारीच्या त्या गचाळ, उंदरांनी भरलेल्या रुग्णालयात नाइटिंगेलला सर्वांत भक्कम आधार मिळाला तो तिचा. १८५६ च्या वसंतात मदर क्लेअर आजारी पडून परतली, तेव्हा नाइटिंगेलने तिला कळवले की सर्व परिचारिकांच्या प्रमुखपदासाठी आपल्यापेक्षा मदर क्लेअरचीच योग्यता कितीतरी अधिक होती, व्यवहाराच्या कारभारातही आणि आध्यात्मिक गुणांत तर त्याहूनही. हा केवळ सौजन्याचा भाग नव्हता. १८७४ मध्ये मदर क्लेअर निवर्तली तोवर ह्या दोघींचा पत्रव्यवहार चालू होता. प्रॉटेस्टंट घरातली ती कीर्तिवंत स्त्री एका कॅथलिक मठमातेकडून माणसे सांभाळण्याची कला आणि मनाचा धीर घेत राहिली.

येथे सत्याला धरून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सर्वच कॅथलिक भगिनींशी नाइटिंगेलचे जमले असे नाही. १८५४ च्या डिसेंबरात मदर फ्रान्सिस ब्रिजमन ह्यांच्या नेतृत्वाखाली आयरिश भगिनींची दुसरी तुकडी आली. मदर ब्रिजमन शुश्रूषेत तरबेज, हाताखालच्या भगिनींवर त्यांची उत्तम पकड. परंतु नाइटिंगेलचा अधिकार त्यांनी कधीच मनापासून मान्य केला नाही आणि दोघींचे संबंध शेवटपर्यंत कडवट राहिले. दोघीही कर्तबगार होत्या. त्यांच्या वादाचे मूळ असे की कोणाचा अधिकार कोठवर, हे वरिष्ठांनी आधी स्पष्ट केलेच नव्हते. नेतृत्वाचे कितीही शिक्षण दिले तरी वरिष्ठांनी अधिकाराची रेषा आखली नाही तर सज्जन माणसेही एकमेकांना दुखावतात. विश्वस्त-मंडळात बसणाऱ्या आपल्या माणसांनी ही गोष्ट विसरू नये.

युद्धानंतर लोकांनी नाइटिंगेलच्या नावे सुमारे ४५,००० पौंडांचा निधी जमवला आणि त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. शिक्षण एका वर्षाचे. उमेदवार दोन प्रकारच्या असत. साध्या घरच्या मुलींना निर्वाह आणि थोडा पगार मिळे. काही काळाने सुशिक्षित घरच्या मुली स्वतःचा खर्च भरून येऊ लागल्या; त्यांच्याकडून अपेक्षा अशी की वर्षभरात त्यांनी शुश्रूषा शिकावी आणि लगेच कोठेतरी प्रमुख म्हणून जावे. मागणी तर चहूकडून येत होती. शाळेने शिकवायचे आणि जगाने वाट पाहायची, इतका धीर कोणालाच नव्हता. ह्या घाईचा परिणाम काय झाला, ते दोन स्त्रियांच्या चरित्रांत दिसते.

पहिली ॲग्नेस जोन्स. आयर्लंडमध्ये वाढलेली ही मुलगी कैझर्सवर्ट आणि सेंट थॉमस अशा दोन्ही ठिकाणी शिकली आणि १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या अनाथ-दरिद्री लोकांच्या सरकारी रुग्णालयात बारा परिचारिका घेऊन गेली. तेथे रुग्ण होते बाराशेच्या घरात. त्यांची शुश्रूषा तोवर त्याच आश्रयगृहातील निराधार बायका करीत आणि त्यांतल्या कित्येक दारूच्या आहारी गेलेल्या. ॲग्नेसने ते रुग्णालय सुधारून दाखवले. पण आपले काम दुसऱ्यावर सोपवणे तिला कधी जमले नाही. रात्री-अपरात्री ती स्वतः वॉर्डांतून फिरे. १९ फेब्रुवारी १८६८ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, टायफस तापाने ती गेली. लोकांनी तिला हुतात्मा म्हटले. आमच्या मनात मात्र प्रश्न उरतो: तिच्या शिक्षणात ‘स्वतःला कसे राखावे’ हा पाठ कोणी घातला असता, तर त्या रुग्णालयाला ती आणखी वीस वर्षे लाभली नसती काय?

दुसरी ल्यूसी ऑसबर्न. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या सरकारने परिचारिका मागितल्या, म्हणून जेमतेम वर्षभर शिकलेली ल्यूसी पाच जणींना घेऊन १८६८ च्या मार्चमध्ये सिडनीला उतरली. तेथील रुग्णालय किडामुंग्यांनी पोखरलेले. डॉक्टरांना ही नवी बाई नकोशी. ज्या पाच जणी बरोबर नेल्या होत्या त्यांच्याशीही तिचे बिनसले. त्यांच्या तक्रारी लंडनला नाइटिंगेलपर्यंत पोहोचल्या. लंडनहून सिडनीला पत्र जाऊन उत्तर यायला महिने लागत. ल्यूसी चुकत होती तेव्हा तिला सावरणारे कोणी जवळ नव्हते; ती बरोबर होती तेव्हा तिची बाजू घेणारेही कोणी नव्हते. नाइटिंगेलचाही तिच्यावरचा विश्वास उडाला. पुढे १८७३ मध्ये शासकीय आयोगाने चौकशी केली, तेव्हा दोष रुग्णालयाच्या कारभारी मंडळाचा ठरला आणि ल्यूसी निर्दोष ठरली. १८८४ पर्यंत ती त्या पदावर राहिली आणि ऑस्ट्रेलियातील आधुनिक परिचर्येचा पाया तिनेच घातला असे आज मानले जाते. पण मधली पाच वर्षे तिने जो एकांतवास भोगला, तो टाळता आला असता.

नाइटिंगेलच्या मोठेपणाची खूण अशी की तिने आपली चूक ओळखली. १८७१-७२ च्या सुमारास तिने शाळेची बारकाईने चौकशी केली, तेव्हा आढळले की ज्या डॉक्टरांनी शिकवायचे ते शिकवीत नव्हते आणि वॉर्डाच्या सिस्टरांना मुलींकडे पाहण्यास सवड नव्हती. ह्यानंतर वसतिगृहात मुलींचा अभ्यास घेणारी स्वतंत्र ‘होम सिस्टर’ नेमण्यात आली. स्वतः नाइटिंगेल, जी आजारपणामुळे क्वचितच घराबाहेर पडे, ती एकेका उमेदवाराला आणि एकेका वॉर्ड-सिस्टरला घरी बोलावून तास तास बोलू लागली, टिपणे ठेवू लागली. १८७२ पासून पुढे अनेक वर्षे ती विद्यार्थिनींना उद्देशून पत्रे लिहीत राहिली. ज्या मुली एडिंबरोला, लंडनच्या इतर रुग्णालयांत वा कॅनडातील माँट्रिऑलला प्रमुख होऊन गेल्या, त्यांच्याशीही तिचा पत्रव्यवहार अखंड चाले: समितीशी कसे बोलावे, डॉक्टर अडवू लागले तर काय करावे, आणि जेवण व झोप चुकवू नये. मकॉलेबाईंनी पन्नाशीत जे सहजपणे केले, ते नाइटिंगेलला ठेच लागल्यावर उमगले. थोडे शिक्षण आणि दीर्घ सोबत, ही जोडी तुटली की नुकसान होते.

विसाव्या शतकात हे काम व्यक्तींकडून संस्थांकडे आले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये इसाबेल हॅम्टन रॉब ह्यांच्या पुढाकाराने १८९९ मध्ये परिचारिकांसाठी रुग्णालय-व्यवस्थेचा आठ महिन्यांचा वर्ग सुरू झाला होता. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या फक्त दोन! इंग्लंडात १९४९ मध्ये किंग्ज फंड ह्या धर्मादाय निधीने लंडनला केवळ वॉर्ड-सिस्टरांसाठी एक महाविद्यालय उघडले. नोकरीत असलेल्या बायकांनी थोडे आठवडे आपला वॉर्ड सोडून तेथे राहायचे, वॉर्डाचे व्यवस्थापन आणि माणसांशी वागणे शिकायचे आणि परत जायचे. अशा अल्पकालीन वर्गांची खरी प्रतिष्ठा तेथून वाढली.

१९६६ मध्ये ब्रायन सॅमन ह्यांच्या समितीचा अहवाल आला. त्यापूर्वी रुग्णालयाची मेट्रन हीच सर्वेसर्वा असे. सॅमन समितीने परिचारिकांच्या व्यवस्थापनाचे तीन स्तर ठरवले: पहिल्या फळीचे, मधले आणि सर्वोच्च. प्रत्येक स्तरावर चढताना त्या स्तराचे व्यवस्थापन-शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली. मग इंग्लंडभर काही आठवड्यांच्या वर्गांचे पेवच फुटले. त्यांतून बढती आणि शिक्षण ह्यांची गाठ बांधली गेली, हा मोठाच लाभ. पण तोटाही झाला. चांगली परिचारिका जितकी वर चढे तितकी ती रुग्णाच्या खाटेपासून दूर जाई, आणि जुन्या मेट्रनबाईंची ती रोजची वॉर्डफेरी इतिहासजमा झाली.

त्याच काळात रेग रेव्हन्स नावाच्या प्राध्यापकांनी मँचेस्टरच्या परिसरातील रुग्णालयांचा अभ्यास करून १९६४ मध्ये एक ग्रंथ लिहिला. ज्या रुग्णालयांत वरच्या सिस्टर खालच्या मुलींचे ऐकून घेत, तेथे मुली नोकरी सोडून जात नसत आणि रुग्णही लवकर बरे होऊन घरी जात, असे त्यांना आढळले. आमच्या त्या निवृत्त परिसेविकेच्या व्यथेला रेव्हन्स ह्यांनी मोजमापाचा आधार दिला, असे म्हणावेसे वाटते. रेव्हन्स तेवढ्यावर थांबले नाहीत. व्याख्याने ऐकून कोणी नेता होत नाही, असे त्यांचे मत होते. चार-सहा जणांनी नियमाने एकत्र बसावे, प्रत्येकाने आपल्या कामातली खरी अडचण मांडावी, इतरांनी उपदेश न करता प्रश्न विचारावेत, मग प्रत्येकाने परत जाऊन काहीतरी करून पाहावे आणि पुढच्या बैठकीत त्याचा हिशेब द्यावा, अशी त्यांची पद्धत. लंडनच्या दहा रुग्णालयांत ती त्यांनी राबवून पाहिली. पुढे १९९५ मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने वॉर्ड-सिस्टरांसाठी नेतृत्वाचा जो उपक्रम आखला, त्यातही ह्या पद्धतीला स्थान मिळाले. शिवाय रुग्णाच्या शेजारी बसून त्याची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकणे, हाही त्याचा भाग होता.

एवढे सारे होऊनही घसरण थांबतेच असे नाही. स्टॅफर्ड येथील रुग्णालयात २००५ ते २००९ ह्या वर्षांत रुग्णांची जी आबाळ झाली, तिच्या चौकशीचा अहवाल सर रॉबर्ट फ्रान्सिस ह्यांनी २०१३ मध्ये दिला. त्यातील एक शिफारस अशी की वॉर्ड-प्रमुखेला कार्यालयात कोंडू नये. तिला वॉर्डावर देखरेखीसाठी मोकळे ठेवावे, रुग्णांना आणि सहकाऱ्यांना ती दिसली पाहिजे. सॅमन अहवालानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने इंग्लंड पुन्हा वॉर्डफेरीकडे वळले.

आता आपल्या देशाकडे येऊ. नाइटिंगेलने १८६५ मध्येच हिंदुस्थानातील रुग्णालयांसाठी परिचर्येची योजना लिहून दिली होती. १८८८ च्या आरंभी दहा शिक्षित इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या आणि लष्करी रुग्णालयांत गेल्या. १८९१ मध्ये मुंबईत परिचर्येचे शिक्षण घ्यावयास ठाण्याच्या बाई काशीबाई गणपत आल्या. भारतीय परिचारिकांच्या इतिहासात पहिले नाव त्यांचे घेतले जाते. म्हणजे हात आपल्या बायकांचे होते. चाव्या मात्र नव्हत्या. १९०५ मध्ये लखनौ येथे परिचारिका-अधीक्षकांची जी पहिली संघटना झाली, तिच्या नऊच्या नऊ सदस्या युरोपीय होत्या. त्यांच्या उदारपणाचीही नोंद केली पाहिजे. केवळ अधीक्षकांच्या संघटनेने भागणार नाही, सर्व शिक्षित परिचारिका एकत्र याव्यात, असे त्यांनाच जाणवले. १९०८ च्या मुंबईच्या अधिवेशनात तसा निर्णय झाला आणि पुढील वर्षी ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना उभी राहिली. ती आजही कार्यरत आहे.

दुसऱ्या महायुद्धाने परिचारिकांची टंचाई उघडी पाडली. १९४३ मध्ये दिल्लीत परिचर्या-प्रशासनाची शाळा निघाली; आधीच शिकलेल्या परिचारिकांना अध्यापन आणि प्रशासन शिकवण्याची ही सोय होती. १९४६ मध्ये तिची जागा दिल्लीच्या परिचर्या महाविद्यालयाने घेतली. आज ते राजकुमारी अमृत कौर ह्यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच वर्षी आलेल्या भोर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आहे. १९६४ मध्ये मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू झाले. ख्रिस्तमंडळाच्या बाजूने पाहता, १९३६ पर्यंत धर्मभगिनींना वैद्यकी आणि सुईणपण करण्यावर धर्मनियमांचे बंधन होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत रोमने ते उठवले. सिस्टर मेरी ग्लाउरी ह्या ऑस्ट्रेलियन डॉक्टर धर्मभगिनीने १९४३ मध्ये आंध्र प्रदेशातील गुंटूर येथे कॅथलिक रुग्णालयांची अखिल भारतीय संघटना स्थापन केली, ती एकेकट्या लढणाऱ्या मिशन रुग्णालयांना परस्परांची सोबत मिळावी म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्ये परिचर्येवरचा आपला पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात २ कोटी ७९ लाख परिचारिका होत्या, त्यांत दहापैकी नऊ स्त्रिया. परिचारिकांना, विशेषतः तरुण परिचारिकांना, नेतृत्वाचे शिक्षण द्यावे असे त्यात सर्व देशांना सुचवले होते. अहवाल आला तेव्हा कोरोनाची महासाथ सुरू झालेली होती. त्या दिवसांत कोणाला कोणत्या पाळीवर पाठवायचे, रडणाऱ्या मुलीला कसे उभे करायचे आणि स्वतः कोठे रडायचे, हे प्रश्न हजारो परिसेविकांपुढे एका आठवड्यात येऊन ठेपले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. थोड्या दिवसांच्या वर्गाने प्रमुख घडते काय? इतिहास आम्हांस असे सांगतो की घडण्यास आरंभ होतो. कैझर्सवर्टचे तीन महिने वाया गेले नाहीत; आमच्या परिसेविकेचे पंधरा दिवसही नाहीत. पण वर्गाला तीन गोष्टींची जोड हवी. तो चाव्या हाती येण्यापूर्वी किंवा येताच मिळावा, तीन वर्षांनंतर नव्हे. अधिकाराची रेषा वरिष्ठांनी आखून द्यावी, म्हणजे स्कुटारीचा कलह घरोघरी होणार नाही. आणि वर्गानंतर कोणीतरी सोबत असावे: एखादी अनुभवी मेट्रन, महिन्याकाठी भेटणाऱ्या चार मैत्रिणी, निदान एखादे पत्र. ल्यूसी ऑसबर्नला वाण पडली ती ह्याच तिसऱ्या गोष्टीची.

आपल्या कुटुंबांतून किती मुली परिचर्येत गेल्या आहेत, हे प्रत्येक घरास ठाऊक आहे. कोणी मुंबईत आहे, कोणी आखातात, कोणी इंग्लंडात. तिला बढती मिळाली की आपण मिस्सा सांगतो, पेढे वाटतो. त्याच रात्री तिच्याजवळ बसून, ‘तुझ्या हाताखाली आता कोण कोण आहेत? तुला कशाची भीती वाटते?’ असे विचारणारे कोणी घरात असावे. आमच्या धर्मग्रामातील निवृत्त सिस्टरांनी नव्या परिसेविकांसाठी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी, त्यासाठी सभागृहाची खोली उघडी राहील, असे आम्ही गेल्या लेंत काळात जाहीर केले. आतापर्यंत पाच जणी येतात.

त्या अंथरुणाला खिळलेल्या बाईंना येता येत नाही. पण मागच्या शुक्रवारी त्यांनी उशीखालून एक कागद काढून दिला. सोडून गेलेल्या त्या मुलीचे नाव आणि जुना पत्ता त्यावर होता. “फादर, शोध लागला तर बघा. मला तिची क्षमा मागायची आहे.” तो कागद आमच्या प्रार्थनापुस्तकात आहे. शोध चालू आहे.